प्रश्न सहावा, गुण दोन

माझगावच्या रात्रशाळेत पंख्याचा वारा तिसऱ्या बाकापर्यंतच येतो,
म्हणून मी तिसऱ्या बाकावर.
हात लिंबाने धुऊन येते, तरी पेनला वास राहतोच.
शनिवारी सराव परीक्षा होती. जीवशास्त्र, चाळीस गुण.

पहिला: पेशीची आकृती काढून नावे द्या.
काढली. केंद्रक, पटल, तंतुकणिका.
तंतुकणिकेची वेलांटी चुकली, खोडली, कागद फाटला.
पेशीला भोक पडलं. तसंच ठेवलं.

दुसरा: परासरण म्हणजे काय? उदाहरण द्या.
पुस्तकात मनुका आहेत, पाण्यात फुगणाऱ्या.
मी लिहिलं, सुरमईला मीठ चोळून रात्रभर ठेवा,
सकाळी टोपात पाणी उभं असतं.
ते कुणी ओतलेलं नसतं, माशाच्या आतलंच असतं.
एवढं लिहून पुढे फोडणीपर्यंत गेले असते,
पण तोरसकर सर बाकाशी येऊन उभे राहिले.

चौथा: माशाच्या हृदयाला कप्पे किती?
बावीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर बसते.
आतडं, कल्ला, काळीज, सगळं एका ओढीत बाहेर,
खाली मांजर टपलेली. मोजतंय कोण?
पुस्तक म्हणतं, दोन.
म्हणून सोमवारी घोळ कापता कापता हात थांबला.
गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, खराब निघाला काय?"
नाही. दोनच होते.

सहावा: रंगांधतेचा वाहक म्हणजे कोण? चौकट काढून स्पष्ट करा.

बापूस माझा तांडेल.
रात्री समोरून बोट आली
की लाल दिवा कुठचा न् हिरवा कुठचा, त्याला कळायचं नाही.
खलाशाला विचारायचा, "बोल रं, कंची बाजू?"
खलाशी समजायचे, तांडेल आपली परीक्षा घेतोय.
आमच्याकडे टोमॅटो तो दाबून घ्यायचा, बघून नाही.
आयेला ठाऊक होतं. ती कुणाला बोलली नाही.

मग माझा भावेश जहाजावर लागायला निघाला.
डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं, आकडा विचारला.
घरी येऊन म्हणाला, "आई, तिथे आकडा नव्हताच."
सासू म्हणाली, आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही.
चार वर्षं मी त्या वाक्यावर जळले.
ती खरं बोलत होती,
हे चौकटीची दुसरी रेघ मारताना कळलं.

कारण बापाकडून मुलाला ते जातच नाही.
माझ्या बापाचं एक्स माझ्यात आलं,
आयेच्या एक्सच्या आड गप्प बसलं.
मला तर सगळं दिसतं.
पापलेटचा कल्ला लाल की तपकिरी, दहा हातांवरून सांगते.

भावेश आता बेस्टमध्ये. खाकी, छातीवर बिल्ला.
तिकीट यंत्रातून पांढरंच निघतं, रंगाचं काम नाही.
परवा माझं पुस्तक उघडं होतं, त्याने वाचलं, हसला:
"आई, तू पण वाहक?"
"तुझ्या आधीपासून," म्हटलं, "बिनबिल्ल्याची."
तो जेवायला बसला. मग जरा वेळाने, ताटातच बघत,
"आजोबा मग बोट कशी आणायचे?"
विचारून विचारून, मी म्हटलं.

चौकटीत चार घरं.
पुस्तकात अक्षरं असतात, मी नावं घातली.
एका घरात भावेश.
त्याच्या शेजारच्या घरात लिहिलं, हा झाला नाही.
उरली दोन, मुलींची:
एक वाहक, एक नाही.
माझी हर्षाली एकच. अकरावीला आहे,
पेपर लिहीत होते तेव्हा घरी भात लावत असेल.
तिचं नाव मी दोन घरांच्या मधल्या रेघेवर लिहिलं.

सरांनी दीड गुण दिला.
बाजूला लाल शाईत: नाव घरात लिहावे, रेघेवर नाही.